कोनाड्यातला डबा

माझ्या वडिलांनी सगळं आयुष्य बायकांच्या पोटदुखीवर काढलं, आणि घरातल्या एकाही बाईला कधी 'तुला दुखतंय का गं' असं विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण ते गिऱ्हाइकासमोर, आणि उत्तर आधीच ठरलेलं असायचं. हे लिहून ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. मेलेल्या माणसाची उणीदुणी कशाला काढा! पण मागच्या आठवड्यात जळगावच्या आमच्या फ्लॅटवर नातीच्या नावाने एक पार्सल आलं. उघडलं तर बाटलीत गुलाबी रंगाच्या चघळायच्या गोळ्या, अस्वलाच्या आकाराच्या. पाळीच्या दुखण्यावर, शंभर टक्के नैसर्गिक. बाटलीवर एक मुलगी पांढरी पँट घालून उडी मारतेय. ती उडी बघितली आणि माझं डोकंच फिरलं, कारण ही मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. फक्त आमच्याकडे ती नऊवारी नेसायची आणि डोक्यावर हंडा घेऊन हसायची.

धरणगावच्या बाजारपेठेत आमचं काष्ठौषधीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, त्याच्या मागे पडवी आणि परसात न्हाणी. वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, आम्हीही नानाच म्हणायचो. आईला तिचे दीर अक्का म्हणायचे, म्हणून ती आमचीही अक्का. तिसरी कमळआत्या, नानांची बहीण, नवरा वारल्यावर आमच्याकडे राहायला आलेली आणि मग कायमचीच राहिलेली. सकाळी डोळे उघडायच्या आत लोखंडी खलबत्त्याचा आवाज सुरू व्हायचा. सुंठ कुटायला घेतली की सगळं घर शिंकायचं. बाळंतशोपा, ओवा, मेथ्या, काळे तीळ, हिराबोळ, अशोकाची साल, सगळं कुटायचं ते अक्का आणि आत्याने, वस्त्रगाळ करायचं त्यांनीच, आणि शेवटी त्यात नानांनी दोन बोटं फिरवून म्हणायचं, "जमलं." आमच्या कळण्याच्या भाकरीलाही शोपेचा वास यायचा. वांग्याचं भरीत केलं तरी त्यात कुठून तरी हिराबोळाचा कडवटपणा उतरायचा. पाहुणे एक घास खाऊन एकमेकांकडे बघायचे आणि मग ज्वारीच्या पापडांनी, आमच्या बिबड्यांनी, पोट भरायचे.

या कुटण्यातून जे तयार व्हायचं त्याचं नाव 'माहेर चूर्ण'. नाव नानांनीच ठेवलं होतं. घेतलं की बाईला माहेरी आल्यासारखं वाटतं म्हणे! माहेरी येऊन बाईला काय वाटतं हे ह्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. ह्यांची सख्खी बहीण माहेरी येऊन दिवसभर खलबत्ता कुटत होती. पुडीवर ती हंडा घेतलेली, बत्तीस दात दाखवणारी बाई. त्या चार दिवसांत भरला हंडा उचलून हसणारी बाई मी पुढे दवाखान्यात चौतीस वर्षं नोकरी करूनही पाहिली नाही. पण गिऱ्हाईक तुटून पडायचं. बाजाराच्या दिवशी चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या बायका बैलगाडीने, पायी, कशाही यायच्या आणि पदराआडून हळूच विचारायच्या. नाना मात्र हळू बोलायचेच नाहीत. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगायचे, "मन्हा घरमा तीन बाया शेतस. एकीना बी पोटमा दुखत नही. जा, इचारी ल्या!"

आणि खरोखरच आमच्या पोटात दुखत नव्हतं. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बाजूला बसायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी पोटात अशी काही कळ आली की मी पडवीत पोत्यावर आडवी होऊन भिंतीला नखं घासली. अक्का आली. पडवीच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात बाजूला बसणाऱ्या बाईचा तांब्या, तिचं ताट आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. कोनाड्यातल्या कशालाच घरातला पुरुष हात लावायचा नाही, विटाळ होतो म्हणून. अक्काने लांबूनच सांगितलं, "डब्यातलं एक चमचा घे. वर पाणी पी. आणि तोंड वाकडं करू नको, कडू असतंच." मी घेतलं. तासाभरात कळ अशी उतरली की मी उठून केस विंचरले. मला नानांचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! शाळेत मैत्रिणी बाकावर डोकं टेकून रडायच्या तेव्हा मी त्यांना ऐटीत सांगायचे, आमच्या दुकानात या. दोघीतिघी आल्याही. त्यांना फरक पडला नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, ह्यांनी नीट अनशापोटी घेतलं नसेल. बघा, बापाची बोली लेकीच्या तोंडात कशी आयती येते ती.

कोनाड्यातलं चूर्ण दुकानातल्यापेक्षा जरा फिकट दिसायचं. मी एकदा विचारलं होतं. अक्का म्हणाली, "घरचं ताजं असतं." झालं! बापावर विश्वास, आईवर विश्वास, आणि अक्कल गहाण.

मी नववीत होते त्या वर्षी अक्का भाच्याच्या लग्नासाठी धुळ्याला गेली, चांगले आठ दिवस. घर आत्याच्या आणि माझ्या अंगावर. आणि नेमका अक्का गेल्यावर तिसऱ्या दिवशी डबा संपला. मी घरातली हुशार मुलगी. दुकानातल्या बरणीतलं माहेर चूर्ण वाडगाभर आणलं, डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि स्वतःवर खूश झाले. ज्या घराने जिल्हाभर हे चूर्ण विकलं त्या घरात ते चूर्ण खरोखर भरून ठेवण्याची चूक तोवर कोणी केली नव्हती. ती मी केली.

दोन दिवसांनी मी बाजूला बसले. बाजाराचाच दिवस होता. सकाळी एक चमचा घेतला. काही नाही. दुसरा घेतला. तिसऱ्याला भडभडून ओकारी झाली आणि पोटातलं दुखणं मात्र जागच्या जागी. मांड्या थरथरत होत्या. कंबर कोणी पिळून काढतंय असं वाटत होतं. मला वाटलं, आपलंच काहीतरी पाप. आत्या न्हाणीकडे चालली होती. मला तसं पडलेलं बघून थांबली, डब्याचं झाकण लांबूनच काठीने सरकवलं, आत वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"हे दुकानातलं भरलंस का गं बयो?"

"मग कुठलं भरणार?"

"अगं, ते गिऱ्हाइकासाठी असतं!" आत्या असं म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. हसता हसता तिने मला सगळं सांगितलं. मागच्या गल्लीत सरकारी दवाखान्यातली नर्सबाई राहायची. अक्का तिला बिबड्या, कुरडया पोहोचवायची आणि तिच्याकडून दुखण्यावरच्या पांढऱ्या गोळ्या सुट्या, कागदात बांधून आणायची. नाना घरात इंग्रजी गोळी येऊ द्यायचे नाहीत. दुकानाच्या पाटीला काळं फासलं जाईल म्हणायचे. म्हणून अक्का त्या गोळ्या बारीक वाटून, चूर्णात कालवून कोनाड्यात ठेवायची. तिला दहा माणसांच्या भाकरी थापायच्या असत. ओल्या पोत्यावर लोळायला तिला सवड नव्हती. कोनाड्यात पुरुषाचा हात जात नाही, म्हणजे पकडलं जायची भीती नाही. ज्या विटाळाने आम्हाला पडवीत कोंबलं होतं, त्याच विटाळामागे अक्काने औषध लपवलं. बाईचं डोकं म्हणायचं की नाही!

(नर्स म्हणून सांगते, तेही काही शहाणपण नव्हतं. किती गोळ्या, कोणाला, किती दिवस, काही मोजमाप नाही. आत्याच्या पोटात पुढे कायमची जळजळ राहिली ती कशाने, हे मला पुढे धुळ्याला नर्सिंग शिकताना कळलं. आणि सुंठीचा चहा प्या, गरम पाण्याची पिशवी ठेवा, त्याला माझी ना नाही. शेकाने खरंच बरं वाटतं. पण शेकाची पुडी बांधून विकता येत नाही, म्हणून त्याचं कौतुक कोणी करत नाही.)

आत्याचं बोलणं मी ऐकत होते आणि तेवढ्यात पुढून नानांची हाक आली. "शके! ए शके! जरा पुढे ये!"

मी बाजूला बसलेली, दुकानात कशी जाणार? पण नानांचे नियम गिऱ्हाइकासमोर बरोब्बर वाकायचे. दुकानाच्या मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत मी यायचं, आत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलेलं होतं. मी भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत गेले. समोर गेंदाबाई उभी होती, पायथ्याच्या एका खेड्यातली शेतकरीण, आमची तीन महिन्यांची गिऱ्हाईक. तिच्या मागे तिची मुलगी हिरकन, माझ्याच वयाची, चौदा-पंधराची. ओठ पांढरे, कपाळावर घाम. एका पायावर भार देऊन, मूठ पोटात रुतवून उभी होती.

"नाना, तीन महिना व्हयनात," गेंदाबाई म्हणत होती, "पोरले काहीच फरक नही. गडबडा लोळस ती. शाळामा बी जात नही. हिना बाप बोलस, नखरा करस, हिनं लगीन करी टाकू. मी बोलनू, एक डाव नानाले इचारी देखू. तुम्ही सांगशात तसं करू. नहीतं जळगावना मोठा दवाखानामा लई जास."

बघा, सगळं किती सोपं होतं. पोरीला जळगावला न्यायचं की बोहल्यावर चढवायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला माझ्या वडिलांकडे आणला होता. नाना हसले. मला दाखवून म्हणाले, "हाई मन्ही पोर. तिना आज तोच दिवस शे. हाईच चूर्ण लेस. सांग शके, दुखस का तुले?"

आता मी काय बोलायला हवं होतं ते आज मला पाठ आहे. नाना, आज दुखतंय, कारण आज पहिल्यांदा मी तुमचं चूर्ण घेतलंय. एवढंच. पण दुकानात सात-आठ बायका होत्या, बाप गादीवर बसून माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या मनात एकच भीती, मी बोलले तर अक्का पकडली जाईल. असं मी स्वतःला पुढे कितीतरी वर्षं सांगितलं. खरं सांगायचं तर अक्काची आठवण मला नंतर आली. त्या घटकेला मला बापाची शाबासकी हवी होती. मी हाताची नखं तळव्यात रुतवली आणि म्हटलं, "नाही."

हिरकन माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे. मी कशी उभी आहे ते तिने बघितलं, कारण ती तशीच उभी होती. ज्याचं जळतं त्याला कळतं. ती स्पष्ट म्हणाली, "माय, हाई खोटं बोली राहिनी."

गेंदाबाईने फाडकन तिच्या तोंडात मारली. "मोठासमोर आशी बोलस?"

"राहू द्या, राहू द्या," नाना उदार होऊन म्हणाले. "पोरसोर शे." मग त्यांनी दोन पुड्या जास्त बांधल्या आणि घसा खाकरून सल्ला दिला, की जळगावच्या डॉक्टरांच्या नादी लागू नका, ते पोट फाडतात. पोरीचं हे दुखणं सासरी गेल्यावर जातं, एक मूल झालं की नावालाही राहत नाही. बायकांनी माना डोलावल्या. जाताना हिरकनने मागे वळून एकदा माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिथे नुसती किळस होती, आणि ती मला शोभणारी होती.

अक्का धुळ्याहून आली तेव्हा मी रडत रडत सगळं तिला सांगितलं. तिने पिशवीही खाली ठेवली नव्हती. सगळं ऐकून म्हणाली, "पुढच्या बाजाराला आली की मागच्या दाराने आण तिला. मी देते. आणि तिच्या आईशी मी बोलते, जळगावला न्यायला सांगते." मी पुढच्या बाजाराला मागच्या दारात उभी राहिले. त्याच्या पुढच्यालाही. चार बाजार गेले. पाचव्याला गेंदाबाई एकटीच आली, नवी चोळी, हातात हिरव्या बांगड्या. मी धावत जाऊन विचारलं, "हिरकन कथी शे?"

"लगीन करी टाकं ना तिनं! नानाच बोलनात, सासरले गई का बठ्ठं बरं व्हई जास."

"मग आते बरं शे का तिले?"

"काय मालूम व माय," गेंदाबाई म्हणाली. "सासर दूर शे. तक्रार तं काही उनी नही." आणि ती धण्याच्या पोत्यांकडे वळली, भाव विचारायला.

त्यानंतर मी दुकानाच्या उंबऱ्यावर गेले नाही. नानांनी हाका मारल्या, मी परसात धुणं बडवत बसायचे. नाना म्हणाले, पोरगी शेफारली. दहावीनंतर मी धुळ्याला मामाकडे राहून नर्सिंगला गेले, तेव्हा तर त्यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. इंग्रजी औषधाची पोर म्हणे! वॉर्डात पायथ्याकडची कोणी बाई आली की मी केसपेपरवर आधी नाव बघायचे. हिरकन कधी आली नाही. हिरकनसारख्या मात्र ढिगाने आल्या. कोणाला गर्भाशयात गाठी, कोणाच्या पोटात आतडी चिकटलेली, आणि प्रत्येकीच्या पिशवीत कसली ना कसली पुडी. पुडीवर बाई हसतेय.

नोकरीला लागल्यानंतरची दुसरी का तिसरी दिवाळी. मी सुट्टीवर घरी आले होते. बाजाराचा दिवस, दुकानात ही गर्दी. अक्का आणि मी पडवीत शेवेचं पीठ मळत बसलो होतो. नानांचा गुडघा गेले काही महिने सुजलेला होता. गिऱ्हाइकांना सांगायचे, जिना उतरताना मुरगळलाय. तेवढ्यात नाना आतून लंगडत आले. आम्ही कोपऱ्यात होतो, त्यांचं लक्ष नव्हतं. सरळ कोनाड्यापाशी गेले. बाजूला बसणाऱ्या बाईचा तांब्या सरकवला, ताट सरकवलं, डबा काढला, झाकण उघडलं आणि चमचा न शोधता बोटांनीच चूर्ण काढायला लागले. कुठे काय आहे हे त्यांच्या हाताला नीट माहीत होतं.

मी अक्काकडे बघितलं. ती पीठ मळतच होती. खाली मान घालून हळूच म्हणाली, "आज दिसलं का तुला? तू सहावीत होतीस, त्यांची दाढ सुजली होती, तेव्हापासून."

सहावीत. म्हणजे मी बाजूला बसायच्याही आधीपासून. म्हणजे त्या बाजाराच्या दिवशी गादीवर बसून मला 'दुखस का तुले' विचारणाऱ्या माणसाला डब्यात काय आहे ते माहीत होतं. आणि समोर हिरकन उभी होती. मी इतकी वर्षं त्यांना अडाणी समजून माफ करत आले होते. अडाणी कसले, चांगले शहाणे होते. स्वतःच्या दाढेला गोळी, दुसऱ्याच्या पोरीला सासर!

मी पिठाच्या हातानेच उठले. दुकानातल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "नाना, दुखतंय का तुम्हाला?"

ते दचकले, चूर्णाची चिमूट बोटांतच राहिली. पुढच्या दारातून दोघीतिघी वाकून बघायला लागल्या. नानांच्या कपाळावर घाम होता, एका पायावर भार देऊन उभे होते. त्यांनी एकदा बायकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"नाही," नाना म्हणाले.

मी त्यांच्या हातातून डबा काढून घेतला, त्यांची बोटं माझ्या पदराने पुसली, झाकण लावलं आणि डबा कोनाड्यात होता तिथे ठेवला. मग दुकानात गेले, माहेर चूर्णाची एक पुडी घेतली, कोमट पाणी आणलं आणि सगळ्या बायकांसमोर त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "घ्या." ते घेईनात तेव्हा पुडी फोडून दिली. त्यांनी घेतलं, तोंड वाकडं केलं, वर पाणी प्यायले. मी पाट ओढला आणि उतार पडतो का ते बघत दिवेलागणीपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहिले.

पडला नाही.